ससाण्याची बादली

मेलेल्या कवींच्या कविता हादियाबाईंकडे नेहमीच येत. जिवंत माणसं त्या स्वतःच्या नावावर पाठवत. या खेपेला प्रकार उलटा होता.

कवितेखाली सही होती, 'कोझी'. स्वाहिलीत कोझी म्हणजे ससाणा, आणि ससाणा म्हणजे कवी हेमेदी, हे तांगा शहरात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वी हेमेदी होडी घेऊन दर्यात गेला. परत आली ती होडीची एक फळी.

हादियाबाई साप्ताहिकाचं कवितेचं पान सांभाळत. येईल ती कविता तपासून कवीला सभ्य उत्तर पाठवायचं, हा त्यांचा नियम. 'भाव उत्कट आहेत' म्हणजे वृत्त बोंबललंय. 'वृत्त निर्दोष आहे' म्हणजे बाकी काही नाही. मेलेल्या कवीला काय लिहावं, याचा मसुदा मात्र त्यांच्यापाशी नव्हता.

त्यांनी बोटांवर अक्षरं मोजली. कुठेही ठेच लागली नाही. पहिली ओळ, 'न्दो, विहीर वाट पाहते.' आणि तिसऱ्या कडव्यात, 'लाटेला मी गिळता आलो नाही. अंगणातली मोगरी वाळलेली मी पाहिली.'

न्दो म्हणजे बादली. ससाण्याच्या प्रत्येक कवितेत ती असेच. एका संमेलनात कोणीतरी तिचा अर्थ विचारला, तेव्हा हेमेदी जरा गोंधळला आणि म्हणाला, "बादली रिकामी जाते, भरून येते. प्रेमाचंही तसंच." टाळ्या पडल्या. राजधानीतल्या एका प्राध्यापकांनी पुढे त्या बादलीवर जाडजूड निबंध पाडला.

"पोस्टासमोरच्या टायपिस्टाला विचारून आलो," छापखान्यातला जुळारी सेफू दारातूनच म्हणाला. मेलेल्याची कविता टेबलावर असताना आत यायची त्याची तयारी नव्हती. "बुरख्यातली बाई होती म्हणे. तोंडपाठ सांगत होती, एकदाही अडली नाही. बाई, शुक्रवारी लग्न कोणाचंय, ठाऊक आहे ना? हेमेदीच्या विधवेलाच ते मोडायचं असणार."

"किती जणांना सांगितलंस हे?"

"छे! कोणालाच नाही. फक्त चहावाल्याला."

चहा यायच्या आत विधवा आली. तिमा तिचं नाव. काझींनी हेमेदीला मृत ठरवून तिला मोकळं केलं होतं. म्बारुकू सुताराशी तिचं ठरलं होतं.

"कविता त्याचीच आहे का, बाई?" तिमा उभीच राहिली. "त्याची असेल तर मी विधवा नाही. शुक्रवारी मी कोणाच्या दारात जाऊ?"

"मोगरी कधी वाळली?"

"या रमजानात."

"कोणी कोणी पाहिली?"

"आतलं अंगण आहे, बाई. मी आणि सासूबाई. परका पुरुष तिथे येत नाही." तिने आवाज खाली आणला. "पण पहाटे तिथे कोणीतरी गुणगुणतं. मी दार उघडलं की थांबतं."

दारातून सेफूने अल्लाचं नाव घेतलं.

तिमाची सासू, बी सोमोए, लामू बेटावरून नवरी होऊन आलेली. हादियाबाई तिमाबरोबर घरी गेल्या, तेव्हा म्हातारी शिंदीच्या पात्यांची चटई विणत होती. ओठ हलत होते. कोनाड्यात उपड्या वाडग्यावर हेमेदीची टोपी होती, ताजी खळ दिलेली.

"टोपी कोण धुतं, आजी?"

"मीच. आला तर मळकी घालेल का?"

"आला होता?"

"दर्या कधी कधी परत देतो."

"तुम्ही पाहिलंत त्याला?"

म्हातारीने पाती घट्ट ओढली. "मोगरीने पाहिलं असेल." मग सुनेकडे वळून म्हणाली, "न्दो, पोरी, चहा गार होतोय."

तिमा उठली आणि सासूच्या शेजारी जाऊन बसली.

हादियाबाईंनी कप खाली ठेवला.

"तिमा, तुला आत्ता सासूबाईंनी बादली म्हटलं. तू उठून आलीस."

"अहो, बादली कसली? आमच्या आईंचं 'न्दो' म्हणजे 'ये'! लामूकडचे असंच बोलतात."

"आपण तांगावाले त्याला 'न्जो' म्हणतो. मग हेमेदी 'ये' लिहिताना लामूचा शब्द का घालत होता? आणि घातला, तर लोकांना बादली का सांगत बसला?"

हादियाबाईंनी कोनाड्यातल्या टोपीकडे पाहिलं.

"कारण त्याला कळलाच नव्हता तो. घरात बोलताना कळायचा. कवितेत विहिरीशेजारी दिसला की बादली वाटायचा. स्वतःच्या शब्दाचा अर्थ ज्याला ठाऊक नाही, तो कवी नव्हे, पोस्टमन. मोगरी पाहणाऱ्या दोघीच. त्यातली एक तांगाची. कविता अस्सल आहे, तिमा. ससाणा जिवंत आहे." त्यांनी श्वास घेतला. "हेमेदी नाही."

तिमाने डोळे मिटले. म्हातारी विणतच राहिली.

"बाईमाणसाची कविता तुमच्या पानावर कोण छापत होतं तेव्हा?" ती अखेर म्हणाली. "मी सांगायची, तो नेऊन द्यायचा. बादलीवर टाळ्या घेऊन आला, त्या दिवशी पोट धरून हसलो आम्ही दोघं. मग तो गेला. मी पहाटे त्याला 'ये' म्हणत राहिले."

"आणि तिसरं कडवं?"

"ते मागाहून जोडलं." हात थांबले. "कविता रचली त्याच्यासाठी. पाकिटात घातली हिच्यासाठी. ही गेली की मला आई कोण म्हणणार?"

"मला विचारायचंत, आई," तिमा म्हणाली. "दोन वर्षं त्याची वाट पाहिली मी. तुम्ही मला परत त्याच वाटेवर बसवत होतात."

कचेरीत येऊन हादियाबाईंनी उत्तर लिहिलं.

'बी सोमोए यांस. कविता मिळाली. वृत्त निर्दोष आहे, आणि बाकीही सगळं आहे. तिसरं कडवं खोटं आहे, ते बदलावं. कविता कवीच्या खऱ्या नावाने छापू. कळावे.'

शुक्रवारी तिमा सुताराच्या घरी गेली. कोनाड्यातला वाडगा लग्नाच्या भाताला लागला. टोपी पेटीत गेली. शनिवारी टायपिस्टाकडून नवं तिसरं कडवं आलं.

'न्दो म्हणून थकले, दर्या. ठेव त्याला. मला न्दोभर पाणी दे, मोगरीला घालीन.'

सेफूने खिळे जुळवता जुळवता मान वर केली. "बाई, यातली बादली कुठली आणि 'ये' कुठला? टीप देऊ खाली?"

"नको," हादियाबाई म्हणाल्या. "प्राध्यापकांना काहीतरी काम हवं."