ए-कार्ड, एन-कार्ड आणि अर्धा तास

"या दोघांत चांगलं कुठलं?"

पेइलिंगने मान वर केली. समोर एक उंच, किडकिडीत माणूस उभा होता. त्याच्या छत्रीचं पाणी काउंटरच्या काचेवर टपटप गळत होतं आणि साहेबांना त्याचा पत्ताच नव्हता. काचेखाली कॉम्प्युटरची दोन जुनी ग्राफिक्स कार्डं शेजारी शेजारी ठेवलेली होती. एक ए-कार्ड, पाचशे ऐंशी नंबरचं. दुसरं एन-कार्ड, एक हजार साठ. तैपेईच्या क्वांगहुआ बाजारात कंपन्यांची नावं कोणी पूर्ण घेत नाही. माणसं ए-वाली असतात नाही तर एन-वाली, आणि त्यावरून सख्ख्या भावांत धरलेला अबोला पेइलिंगने पाहिला होता.

"आधी छत्री खाली घ्या," ती म्हणाली. "मग सांगते."

तो ओशाळला. त्याने छत्री मिटली, ती पडली, तो वाकला, त्याचं डोकं काउंटरला आपटलं. पेइलिंगने हसू दाबलं.

"कागदावर ए-कार्ड पुढे," तिने सांगितलं. "सेकंदाला सहा लाख कोटींच्या वर गणितं. एन-कार्ड साडेचारच्याही आत. मेमरी आठ जीबी विरुद्ध सहा."

"म्हणजे ए-कार्ड घ्यावं?"

"कागदाशी खेळायचं असेल तर घ्या. गेम खेळायचा असेल तर दोघं जवळपास बरोबरीत. शिवाय ए-कार्डला वीज लागते एकशे पंच्याऐंशी वॉट. हे बिचारं एकशेवीसमध्ये भागवतं."

"म्हणजे एक कर्तबगार पण खादाड... आणि दुसरं बेताचं पण काटकसरी."

"लग्न लावायचंय का त्यांचं?"

तो हसला. हसणं चांगलं होतं. पेइलिंगने त्याची नोंद घेतली, जशी ती प्रत्येक कार्डाच्या तापमानाची घ्यायची, आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.

पुढच्या शनिवारी तो परत आला. त्याचं नाव खे युंगहान. शेजारच्या पानछ्याओमधल्या एका शाळेत गणित शिकवायचा. या वेळी त्याने पट्टीने रेघा मारून तक्ता आणला होता. त्यापुढच्या शनिवारी तक्त्यात एक रकाना वाढला.

"मेमरीचा रस्ता एकाचा दोनशे छप्पन्न बिट रुंद, दुसऱ्याचा एकशे ब्याण्णव," तो गंभीरपणे म्हणाला. "याचं तुम्हाला काय वाटतं?"

"मला वाटतं, पाच मिनिटं झाली, सर. मागे लोक उभे आहेत."

जाताना तो आलुबुखाराची पूड लावलेल्या पेरूच्या फोडी काउंटरवर ठेवून गेला. दुकान पेइलिंगच्या मामाचं. मामाने एक फोड तोंडात टाकली.

"हा मास्तर कार्ड घेणार नाही," मामा म्हणाला. "परीक्षेचा पेपर काढणार आहे."

पेइलिंगने दुसरी फोड उचलली. दूर दक्षिणेला, काओश्युंगच्या एका प्रयोगशाळेत तिला नोकरी मिळत होती. दिवसभर कार्डं तापवायची, तपासायची, निकाल लिहायचे. दोन वर्षं तिने याच कामासाठी अर्ज केले होते. होकार कळवायची मुदत पुढच्या शनिवारी संध्याकाळी सहापर्यंत होती, आणि तिचा हात काही फोनकडे जाईना. कारण हा मास्तर. तो तिच्यासाठी येतो की कार्डासाठी, हे तिला कळत नव्हतं, आणि न मोजता काही मानून घेणं तिच्या स्वभावात नव्हतं. शेवटी तिने कसोटी ठरवली. त्याने कार्ड घेतलं, तर तो गिऱ्हाईक. फोन करून जायचं. नाही घेतलं, तर थांबायचं. दुकानात उभं राहून गिऱ्हाइकाने काही घेऊ नये असं तिला आयुष्यात पहिल्यांदाच वाटत होतं.

चौथ्या शनिवारी पावणेपाचला तो आला.

"ठरलं," तो म्हणाला. "एन-कार्ड द्या."

पेइलिंगने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"विकण्याआधी अर्धा तास चालवून दाखवतो आम्ही," ती कोरडेपणाने म्हणाली. "तोवर तुम्हाला इथे, आतल्या स्टुलावर..."

"बसावं लागतं. माहितीय."

तिने कार्ड मशीनमध्ये बसवलं, चाचणी सुरू केली. मशीनवर मक्याच्या खाऊची हिरवी पुडी होती, बाजारातल्या प्रत्येक मशीनवर असते तशी. पुडी असली की यंत्रं शहाण्यासारखी वागतात. ती हिरवीच हवी आणि तिची तारीख उलटलेली नको. तो शेजारी अंग चोरून बसला. त्याच्या ओल्या बाहीचा गारवा तिच्या कोपराला लागत होता. दोघंही पडद्याकडे बघत राहिले.

"तुमच्या पुडीची तारीख... परवाच संपलीय," तो हळूच म्हणाला. "मी नवी आणलीय."

ती तापमान लिहायला वळली तेवढ्यात त्याने पुडी बदलली. पुढच्याच क्षणाला पडदा काळा झाला. खरं तर टेबलाखालचा प्लग त्याच्याच लांब पायाने निघाला होता, पण ते कोणाच्या लक्षात यायच्या आत मामा जेवणाचा डबा घेऊन धावत आला.

"पिवळी! अरे मास्तर, मशीनवर पिवळी पुडी?"

"पिवळी... चालत नाही?"

पेइलिंगने त्याच्याकडे रोखून पाहिलं. "तुमच्या घरच्या मशीनवर कुठली ठेवता?"

"माझ्याकडे..." त्याने पिवळी पुडी उचलून हातात घेतली. "माझ्याकडे मशीन नाही. शाळेचा लॅपटॉप आहे."

"लॅपटॉपमध्ये हे कार्ड बसत नाही!"

"हो. दुसऱ्या शनिवारी वाचलं मी ते."

"मग घेताय कशाला?"

त्याचे कान लाल झाले. "न घेणाऱ्याला तुम्ही पाच मिनिटं देता. घेणाऱ्याला अर्धा तास शेजारी बसवता."

मामा डबा घेऊन गुपचूप परत गेला.

पेइलिंगला एकदम हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरून आले. तिची कसोटी साफ उलटी लागली होती. तिला इतका आनंद झाला की तो लपवायचंही सुचेना. आणि त्या आनंदात तिला नोकरी सोडावीशी अजिबात वाटेना. एवढा खटाटोप करणारा माणूस शंभर कोसांवर गेल्याने हरवणार नव्हता. तिने फोन उचलला.

"मी च्येन पेइलिंग. हो, मी येते काओश्युंगला. पंधरा तारखेपासून."

युंगहानचा चेहरा उतरला. तो स्टुलावरून उठू लागला. तिने त्याची बाही धरून त्याला खाली बसवलं.

"एकच विचारायचं होतं," ती फोनवर म्हणाली. "शनिवारी सुट्टी असते ना? ... पूर्ण दिवस? बरं."

फोन ठेवून ती त्याच्याकडे वळली. "पहिला शनिवार मोकळा ठेव. तिथे माझ्या ओळखीचं कोणी नाही."

"सगळेच मोकळे आहेत," युंगहान म्हणाला.

बाहीवरून तिचा हात त्याच्या हातावर आला. त्याचा हात गार होता. तिचाही.