हौदात उतरणारे पाळक

हडपसरच्या गाडीतळावरून आत वळलं की कालव्याच्या कडेला काळ्या दगडाचं एक बॅप्टिस्ट चर्च लागतं. पुढे भाजीच्या हातगाड्या, बाजूला आयटी कंपन्यांच्या बस उभ्या असतात. चर्चच्या मागच्या अंगणात झऱ्यावर बांधलेला दगडी हौद आहे, छातीपर्यंत पाणी येईल इतका खोल. या मंडळीत लहान मुलांच्या कपाळावर पाणी शिंपडून बाप्तिस्मा देत नाहीत. मोठ्या माणसाने तो स्वतः मागायचा आणि पाळकाने त्याच्यासोबत हौदात उतरून त्याला पूर्ण बुडवून वर काढायचं.

रतन उजागरे इथे पाळक म्हणून आला तेव्हा चाळिशीही झाली नव्हती त्याची. आवाज असा की माईक बंद पडला तरी मागच्या बाकापर्यंत शब्द पोचायचा. त्याची बायको आम्रपाली कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. ती बौद्ध घरातली. लग्न झालं तेव्हा रतन कारखान्यात सुपरवायझर होता, पाळक व्हायचं त्याने नंतर ठरवलं. "तू हो खुशाल. मला मात्र पाण्यात उतरायला सांगू नकोस," एवढंच ती म्हणाली होती. त्याने कधी सांगितलं नाही.

मंडळीने त्यांना डोक्यावर घेतलं. चर्चच्या आवारातल्या पाळकांच्या घरी रोज कुणाकडून तरी डबा यायचा. पंचांचे प्रमुख कसबे सर एकदा घरी आले आणि म्हणाले, "पाळकीणबाई, पुढच्या वर्षी मंडळीची शताब्दी. तुमची भाषा चांगली आहे. आजवरच्या पाळकांचा छोटासा इतिहास लिहून द्याल का?"

तिने हौसेने होकार दिला.

रतनने इथे दिलेला पहिला बाप्तिस्मा भाग्यश्रीचा. ही मुलगी लहानपणापासून अडखळत बोलायची. स्वतःचं नाव सांगतानाही तिची मान आखडायची. पाण्यातून वर आली आणि ओल्या केसांनीच तिने एक अख्खं गीत म्हटलं, एकदाही न अडता. लोक टाळ्या वाजवत होते. रतन हौदातच उभा होता, हसत.

पुढच्या रविवारी उपदेशाला उभा राहिला आणि पहिल्याच शब्दावर अडकला. "प्र... प्र... प्रभू." मान एका बाजूला ओढली जात होती. मंडळी शांत बसून होती. कुणी चुळबूळ केली नाही, कुणी एकमेकांकडे पाहिलंही नाही.

"ताण आलाय तुला," आम्रपाली घरी म्हणाली. "ये-येईल ठीक," तो म्हणाला.

मग संभाजी आला. मार्केट यार्डात हमाली करायचा. डाव्या डोळ्यात पांढरं फूल पडलेलं, त्या बाजूने काही दिसत नव्हतं. तो पाण्यातून वर आला, झाडाकडे बघत राहिला आणि मोठमोठ्याने हसू लागला. संध्याकाळी चहा ओतताना रतनचा कप चुकला. चहा टेबलावरून खाली ओघळला. आम्रपालीने त्याची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला. डाव्या बुबुळावर दुधाची साय धरावी तसं काहीतरी होतं.

डोळ्यांचे डॉक्टर चिडले. "इतकी वर्षं काय करत होतात? हे जुनं आहे."

"मागच्या महिन्यात नव्हतं," आम्रपाली म्हणाली. तिने मोबाइलमधला फोटो दाखवला. डॉक्टरांनी फोटो पाहिला, रतनकडे पाहिलं आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

तिने हौदाचं पाणी बाटलीत भरून कॉलेजच्या प्रयोगशाळेत तपासलं. जड पाणी, थोडे जास्त क्षार. हडपसरच्या कुठल्याही विहिरीत सापडेल तसं.

मग ती मथुराबाईंकडे गेली. मंडळीतल्या सगळ्यांत जुन्या त्या. इतिहासासाठी बोलायचं आहे म्हणून सांगितलं. म्हातारी गच्चीवर पापड वाळत घालत होती आणि जिना भराभर चढउतर करत होती.

"आधीच्या पाळकांचं सांगा ना," आम्रपाली म्हणाली.

"माझ्या तरुणपणचे साळवे पाळक गुडघ्यावर रांगत गेले इथून. त्यांच्या आधीचे बहिरे झाले. त्यांच्या आधीचे गोरे साहेब, त्यांना शेवटी वेड लागलं म्हणायची माझी आई. सगळे चांगले होते हो. एकानेही कुरकुर केली नाही."

"साळव्यांना काय झालं होतं?"

मथुराबाईंनी लुगडं पोटरीपर्यंत वर घेतलं. पाय तुकतुकीत होता. "हा पाय काठीसारखा होता माझा. लग्न जमेना. साळव्यांनी मला बुडवलं आणि मी चालत घरी गेले." त्यांनी एक पापड उलटवला. "लिहा की हे. पाळक मग ठेवतात कशाला, बाई?"

आम्रपालीने घरी येऊन बॅगा काढल्या. रतनने वाद घातला नाही. त्यालाही कळलं होतं. त्याने पुस्तकं दोरीने बांधली, राजीनामा देऊन टाकला. रविवारी सकाळी टेम्पो यायचा होता.

टेम्पोच्या आधी मंडळी आली. फाटकात सगळे उभे होते, धुतलेल्या कपड्यांत, हातात डबे घेऊन. गीत म्हणत होते. पुढे कसबे सर आणि त्यांची मुलगी तेजस्विनी. तिची हाडं दिसत होती. डोक्याला रुमाल बांधलेला. औषधांनी आता हात टेकले होते.

"पाळकसाहेब, जायच्या आधी एवढा एक बाप्तिस्मा," कसबे म्हणाले.

"लाज वाटते का तुम्हाला?" आम्रपाली ओरडली. "तुम्हाला माहीत आहे काय होणार ते!"

"आम्ही कुणाचा हात धरलाय का, पाळकीणबाई? टेम्पो येईलच. जा ना."

लोक गात राहिले. तेजस्विनीला काहीच माहीत नव्हतं. ती संकोचून रतनला म्हणाली, "पाणी फार गार असतं का हो?"

रतन तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने चपला काढल्या.

आम्रपालीने त्याचा सदरा धरला. तो फाटला.

"तिला न-नाही कसं म्ह-म्हणू?" तो म्हणाला.

पाणी फार गार नव्हतं. तेजस्विनी वर आली तेव्हा तिच्या गालांवर रंग होता.

रतन पावसाळ्याआधीच गेला. रिपोर्टवर लिहिलं होतं, आजार बऱ्याच वर्षांचा. मंडळीने अंत्यविधी मोठा केला. कसबे सर शवपेटीला खांदा देताना हमसून रडले, आणि ते रडणं खोटं नव्हतं.

नवे पाळक राकेश गायकवाड त्याच महिन्यात आले. तरुण, नुकतंच लग्न झालेलं. त्यांना सगळं सांगायचं, याच एका गोष्टीसाठी आम्रपाली उठत होती, नाहीतर अन्न घशाखाली उतरत नव्हतं. वर्गात शिकवताना तिला मागच्या बाकावरून अडखळता आवाज ऐकू यायचा. ती खडू टाकून बाहेर यायची.

एका दुपारी ती त्यांच्याकडे गेली. राकेशची बायको अक्षता हिने चहा दिला. पडदे अजून रतनने लावलेलेच होते. राकेश समोर बसला, उत्साहाने पुढे झुकून. "बोला ना ताई. काय म्हणत होतात?"

तिने तोंड उघडलं. छातीतली कळ वर आली, रोज यायची तशी.

"मला बाप्तिस्मा हवाय," ती म्हणाली.

रविवारी ऊन छान होतं. राकेशने तिच्या पाठीला आधार दिला, मागे झुकवलं. पाणी चेहऱ्यावरून बंद झालं आणि उघडलं.

ती पायऱ्या चढून वर आली. कुणीतरी टॉवेल दिला. तिने केस पिळले. झाडावर पोपट होते, ते तिने बऱ्याच दिवसांनी पाहिले.

मागून आवाज आला तेव्हा तिने वळून पाहिलं. राकेश हौदाच्या कडेला कपाळ टेकून रडत होता. लहान मुलासारखा, श्वास न घेता. "रतन," तो म्हणत होता. "रतन, रतन."

अक्षता धावत आली. घाबरून तिने आम्रपालीचा हात धरला. "ताई, रतन कोण?"

आम्रपालीने क्षणभर आठवलं.

"आधीचे पाळक होते इथले," ती म्हणाली आणि पंगत बसत होती तिकडे निघाली. तिला कडकडून भूक लागली होती.