चौदा परस

दुपारी तीनला बैठक, आणि दीड वाजता मेघाच्या पडद्यावर नरडाण्याकडची एक साधी विहीर तीनशे फूट खोल झाली होती. अर्ज जतन केला की विहीर आणखी खाली जायची. धुळ्याच्या त्या कचेरीतला कूलर नुसता घरघरत होता. गावोगावच्या विहिरींची नोंद ठेवणाऱ्या संस्थेच्या प्रेमराजभाऊंनी सकाळीच बजावलं होतं, आज आकडे चुकले तर हे संगणकाचं काम पुण्याच्या कंपनीला. मेघाची ही पहिली स्वतंत्र जबाबदारी होती आणि ती तिला जिवापाड हवी होती.

घोळ परसाचा होता. खानदेशात जुनी माणसं विहीर परसात मोजतात. दोन्ही हात पसरले की होतो एक परस, आणि तो ज्याचा त्याचा. विहिरी मोजणाऱ्यांपैकी उखर्डू आबांचा साडेपाच फुटांचा, छगनचा सहाचा. जँगो या सॉफ्टवेअरच्या तयार साच्यात असला रकाना आयता मिळत नाही, म्हणून मेघाने तो स्वतः लिहिला होता. परस भरायचे, मोजणाऱ्याच्या नावावरून त्याचे फूट करून साठवायचे, दाखवताना पुन्हा परस.

दोन वाजता चूक हाती लागली. गुणाकार दोनदा होत होता, एकदा अर्ज वाचताना आणि एकदा साठवताना. दोन ओळी खोडल्या, आकडे नव्याने भरले, दोनशे अकरा विहिरी सरळ झाल्या. तिने टेबलावर अशी थाप मारली की पेला उडाला. जिंकली होती पठ्ठी!

तेवढ्यात आबांचा फोन आला.

"पोरी, लताबाई सरपंचना गावनी हिर मन्हा नावे लावू नको. ती मी नही मोजी."

"आबा, त्या विहिरीचे चौदा परस तुम्हीच सांगितले ना?"

"मी फक्त दोर सोडेल व्हता. आकडा खालथून कोनीतरी सांगेल व्हता. माले वाटनं, गाळ काढनारा व्हई. मंग समजनं, गाळ काढाले कोनीच उतरेल नव्हतं."

म्हातारा थट्टा करतो आहे, असं तिने ठरवलं आणि मोजणाऱ्याचं नाव पुसलं. नाव नसेल तर रकान्याने आकडा दाखवायचाच नाही, असं तिने लिहून ठेवलं होतं.

त्याने चौदा दाखवले.

तिने पान पुन्हा उघडलं. अकरा. साठवणीत पाहिलं तर फूट तेच, सत्त्याहत्तर. पुन्हा पान. सात.

विहीर तसूभरही हलली नव्हती. मग परस कमी होण्याचा एकच अर्थ होता, मोजणाऱ्याचे हात वाढत होते. तिने भागाकार कागदावर करून पाहिला. एका परसाला अकरा फूट. बरोबर होता.

तीन वाजले.

बैठक मात्र झकास झाली. विहिरीमागून विहीर अचूक उघडली. प्रेमराजभाऊ सगळ्यांसमोर म्हणाले, "काम तुझंच, मेघा. पुण्याला कळवतो, तसदी घेऊ नका." टाळ्या पडल्या. मेघाच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि घटकाभर ती सगळं विसरली.

"आमनी हिर दखाड ना, बाई," पुढच्या रांगेतून सरपंच लताबाई म्हणाल्या.

मेघाने ती नोंद उघडली.

एक.

"एकच परस?" लताबाई उठूनच उभ्या राहिल्या. "म्हंजे पानी काठले उनं!" पुन्हा टाळ्या, आधीपेक्षा जोरात. लताबाईंनी तिथूनच गावात फोन लावला. "बठ्ठ्या जनी घागरी लई जा हिरवर. हाव, आत्तेच!"

"लताबाई, थांबा," मेघा म्हणाली. टाळ्यांत ते कुणालाच ऐकू गेलं नाही.

तिने पडद्याकडे पाहिलं. फूट सत्त्याहत्तरच होते. एका परसात हात काठापर्यंत पोचत होते.

परस अर्धा.