बदल नाही

रुग्णालयातल्या संगणकावरच्या नोंदींचा बॅकअप इतका फुगला होता, की संध्याकाळी सुरू केलेला दुसऱ्या दिवशी दुपारीही संपायचा नाही. "बाई, काहीतरी करा, नाहीतर हे यंत्रच आता अतिदक्षता विभागात हलवावं लागेल," साहेब संगणक विभागातल्या तिला म्हणाले. तिने साधा उपाय काढला: कालची आणि आजची नोंद ताडून पाहायची, जिच्यात काडीचाही फरक नाही तिच्यावर 'बदल नाही' अशी खूण करायची आणि ती पुन्हा उतरवायचीच नाही. उगाच तेच ते दळण कशाला!

चाचणीला एक नोंद हवी होती. तिने तोंडपाठ असलेला क्रमांक टाकला, दादाचा. थोरला भाऊ, तिसऱ्या मजल्यावर, खिडकीजवळची खाट. खऱ्या रुग्णाच्या नोंदीवर चाचणी करायची नसते, हे नव्या लोकांना कानीकपाळी ओरडून सांगणारी तीच. पण त्या सकाळी डॉक्टर "फार तर दोन दिवस" म्हणाले होते आणि तिचं डोकं ठिकाणावर नव्हतं. खूण केली, ती काढायची राहूनच गेली.

त्याला तेवीस दिवस झाले. दादा अजून होता. नशीब बलवत्तर, असं आता डॉक्टरच म्हणत होते.

बॅकअप निम्म्यावर आला, साहेब खूश झाले. तिचा मात्र पाय एका जागी ठरेना. रोज ताडून पाहिलं की दादाची ओळ तीच. नाडी एकाहत्तर, ताप शंभर पूर्णांक चार दशांश. तेवीस दिवस तेच आकडे! सिस्टर झोपा काढतात आणि कालचंच उतरवतात, असं पुटपुटत ती तावातावाने वर गेली.

"माझ्यासमोर मोजा."

सिस्टरने मोजलं. एकाहत्तर. शंभर पूर्णांक चार दशांश.

"ताई, एक सांगू?" सिस्टरने आवाज खाली आणला. "यांची दाढी वाढत नाही. न्हावी दोनदा येऊन परत गेला."

दादाच्या डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात पाण्याचा एक थेंब होता. तो तिने त्या पहिल्या सकाळीही पाहिला होता. तिने रुमालाने टिपला. रुमाल कोरडाच राहिला. थेंब तिथेच.

"दादा, दुखतंय का रे?"

कपाळावरची आठीसुद्धा त्या सकाळचीच.

ती जिना उतरली, पुन्हा चढली, पुन्हा उतरली. 'बदल नाही' ही खूण राहिली तर दादा राहील. पण असा? कळ गिळत? लहानपणी तिला नुसतं खरचटलं तरी फुंकर घालत बसणारा माणूस तो.

बारा वाजून दहा मिनिटांनी तिने खूण काढली.

टेबलावरचा फोन लगेच वाजला. तो न उचलताच ती धावत सुटली.

सिस्टर दाराशी उभी होती. "आत्ताच गेले, ताई. शांतपणे गेले."

कपाळावरची आठी मोडली होती. गालांवर चांगली तीन आठवड्यांची दाढी होती. तिने डोळ्याच्या कोपऱ्याला बोट लावलं. कोरडा.

मान सरळ करावी म्हणून तिने डोक्याखाली हात घातला. उशी पिळून काढावी इतकी ओली होती.