करपलेली कड

हसायचं तर हसा. पण हे माझ्या सख्ख्या मावशीच्या, पेरीखानच्या, दारात घडलंय. आणि खोटं बोलून तिला काही मिळायचं नाही.

इराक-इराणच्या सरहद्दीवरचं आमचं कुर्दी गाव. नोव्हेंबरची भर दुपार. धुकं असं, की आपलीच बोटं दिसेनात.

धुकं पडलं की आमच्याकडे तंदूर पेटतात. उघाडीला धूर दिसला तर वर विमान घिरट्या घालतं. डोंगरात बंदूक घेऊन बसलेली पोरंही रोट्या न्यायला धुक्यातच उतरतात. त्यांना नाव-गाव विचारायचं नाही, त्यांनीही सांगायचं नाही. डोंगरात गेलं की प्रत्येकजण नाव बदलतो. जे ठाऊकच नाही, ते मार खाऊनही तोंडून निघत नाही.

मावशीचा एकुलता एक मुलगा हेमिन चार वर्षांपूर्वी डोंगरात गेला होता. आहे की नाही, एवढंच तिला कळायला हवं होतं.

टक... टक... टक...

दगडावर दगड. पोरांची खूण.

पण दारातला कुत्रा भुंकला नाही.

पावलंही वाजली नाहीत...

तोंडाला फडकं गुंडाळलेला एकजण समोर उभा होता. मावशीने रोट्यांची पिशवी त्याला दिली, आणि तिला राहवलं नाही.

"लेका, डाव्या भुवईवर खोक असलेला कोणी पाहिलास का रे वर?"



त्याने पेटत्या तंदुरात हात घातला... उघडा हात. रोटी काढली. तिची करपलेली कड फाडून काठावर ठेवली.

कड आईला आवडते म्हणून हेमिन लहानपणापासून असंच करायचा.

"हेमिन?"

काठावर कड होती. समोर कोणी नव्हतं.

तासाभराने पुन्हा टक... टक... टक... या वेळी कुत्रा भुंकला. नेहमीची दोन पोरं आली. पिशवी तुमचा माणूस घेऊन गेला, असं मावशीने सांगितलं. आमच्यातलं कोणीच उतरलं नाही, असं पोरं म्हणाली. मग मावशीने भुवईवरच्या खोकेचं विचारलं.

दोघांतला थोरला म्हणाला,

"मावशी, तो गेल्या हिवाळ्यात बर्फाखाली गेला. आम्हीच पुरला. घर ठाऊक असतं तर कळवलं नसतं का? रोटीची कड तेवढी काढून ठेवायचा. आम्ही चिडवायचो, कोणासाठी रे?"

हीच पोरं दोन वर्षं तिच्या दारी येत होती.

पिशवी नंतर पोरांना हेमिनच्या थडग्यावर सापडली. एकाही रोटीला कड नव्हती.

मागच्या धुक्यात मी तिथेच होतो. मावशीने एक रोटी काठावर ठेवली आणि मला आत नेलं.

टक... टक... टक...

कुत्रा गप्प.

बाहेर आलो तर काठावर नुसती कड. मावशीने तिचे दोन तुकडे केले, एक माझ्या हातावर ठेवला. आमच्यात हातावर आलेली रोटी नाकारत नाहीत.

मी खाल्ली. तंदूर सकाळीच विझला होता, पण कड गरम होती.