कुलूपबंद खोलीतल्या गाठी

अशी एक दुपार डोळ्यांपुढे आणा. ट्युनिशियाच्या किनाऱ्यावरचं एक गाव. वाळवंटाकडून तापलेला वारा सुटला आहे, खिडक्यांच्या निळ्या झडपा बंद आहेत आणि सारं गाव जेवून झोपलं आहे. मांजरंसुद्धा होड्यांच्या सावलीत निपचित पडली आहेत. अशा वेळी बंदराजवळच्या एका खोलीत कुणीतरी बसून मासेमारीचे गळ बांधतं. रोज. आणि दाराचं कुलूप जसंच्या तसं!

आता दुपार कलल्यावर त्याच खोलीत बसा उल्फाशेजारी. ती बारा वर्षांची आहे, शाळेला सुट्टी आहे आणि तिच्या अंगावर सरसरून काटा आला आहे.

"आजही वीस!" ती कुजबुजली.

टोपलीच्या काठावर शंभर गळ ओळीने टोचलेले होते, प्रत्येकाला हातभर दोरा. या मोसमासाठी बाबांनी शहरातून तयार गळ आणले होते, यंत्राने बांधलेले. पण तीन दिवसांत त्यांतल्या साठ गळांच्या गाठी बदलल्या होत्या. गळ तेच, गाठ नवी. डावीकडे वळलेले सात बारीक वेढे, आणि टोक परत वेढ्यांखालून ओवून घेतलेलं.

बंदरात घराघराची गाठ वेगळी. ही कुणाची, ते शेंबडं पोरही सांगेल. फर्जानीची गाठ! आणि फर्जानी, म्हणजे उल्फाचे जद्दी, बाबांचे वडील, दोन हिवाळ्यांपूर्वी समुद्रावर गेले ते परत आलेच नव्हते.

"खोलीच्या किल्ल्या दोन," शेजारचा मोंजी म्हणाला. "एक तुझ्या बाबांच्या कमरेला. दुसरी..."

"जद्दींच्या खिशात!" उल्फाचा धाकटा भाऊ हेदी म्हणाला. "म्हणजे समुद्राच्या तळाशी!"

बाहेर वाऱ्याने कुठलीशी झडप आपटली.

तेवढ्यात बाबा आणि त्यांच्या होडीवरचा अम्मार आत आले. टोपली पाहून अम्मार दोन पावलं मागे सरला.

"बिस्मिल्ला! सादोक, आज पुन्हा? हे बघ, मेलेल्याच्या हातचा दोर होडीत आला, तर मी नाही येणार. असा दोर माणसाला हाका मारतो!"

बाबांचा चेहरा उतरला. "उद्या तिसऱ्या प्रहरी, असरच्या नमाजानंतर टोपली समुद्रात सोडून देऊ. दुसरे तयार गळ आहेत, ते घेऊन परवा निघू. आणि पोरांनो, मन्नूबियाच्या कानावर यातलं काही जाता कामा नये. माझी बहीण आधीच दोन वर्षं बंदराकडे फिरकलेली नाही."

"पण बाबा, जद्दी आले असतील तर?" उल्फाच्या तोंडून निघून गेलं.

बाबांनी तिच्याकडे पाहिलं नाही. "म्हणूनच तर," ते म्हणाले आणि बाहेर पडले.

जद्दींची कबरसुद्धा नव्हती गावात. ते खरंच येऊन इथे बसत असतील आणि उद्या टोपलीच गेली, तर ते यायचे तरी कुठे?

तिने एक गळ उचलून दारातल्या उजेडात धरला. बराच वेळ ती बघत राहिली.

"मोंजी, हे टोक बघ. सुरीने कापलेलं नाहीये. दातांनी तोडलंय."

"बरं, मग?"

"अगं, जद्दींना पुढचे दात होते कुठे!" हेदी ओरडला. "खजूरसुद्धा हिरड्यांनी चघळायचे!"

"मेल्यावर येत असतील पुन्हा," मोंजी म्हणाला.

"तुला जिवंतपणी अक्कल आली नाही, त्यांना मेल्यावर दात येतायत!" हेदी म्हणाला.

"भांडू नका!" उल्फाने आढ्याला टांगलेला जद्दींचा जुना दोर खाली ओढला. गंजलेले गळ, पिवळे पडलेले दोरे. एकेक टोक तिने तपासलं. सगळी चावलेली!

"म्हणजे ही गाठ जद्दींनी कधी बांधलीच नाही," ती हळूच म्हणाली. "ते जिवंत होते तेव्हासुद्धा नाही."

मोंजीने तेवढ्यात एक तयार गळ पाण्याच्या बादलीत बुडवून जोरात ओढला. गाठ सरकत सरकत सुटली आणि गळ टण्णकन जमिनीवर पडला. त्याने नवी गाठ ओढली. तिच्यापायी त्याचं बोट कापलं, पण ती तसूभर हलली नाही.

दुसऱ्या दिवशी जेवण उरकताच तिघंही खोलीतल्या जाळ्यांच्या ढिगामागे जाऊन दडले. बाबा आले, आत न डोकावताच त्यांनी दार ओढलं आणि बाहेरून कुलूप घातलं.

खोलीत भट्टीसारखं उकडत होतं. फटीतून उजेडाची एकच रेघ आत येत होती. गावात चिटपाखरूसुद्धा बोलत नव्हतं. मग वाळूवर पावलं वाजली. अनवाणी. हलकी. दाराशी येऊन थांबली.

कुलपात किल्ली फिरली.

हेदीने उल्फाचा दंड इतका घट्ट धरला, की नखं रुतली. दार उघडलं, मिटलं. आत एक पांढरी आकृती उभी होती. डोक्यापासून पायापर्यंत नुसतं पांढरं कापड, चेहरा नाहीच! ती तरंगत आल्यासारखी टोपलीशी आली, खाली बसली आणि कापडातून दोन हात बाहेर आले. एक, दोन, तीन... बोटं दोऱ्यावरून भराभर फिरू लागली. सात वेढे. मग आकृतीने मान खाली घातली. कट्!

"आ... आक्छी!" हेदी शिंकला.

हात जागच्या जागी थिजले. "कोण आहे?" आकृतीने विचारलं, आणि तिची पांढरी सफसारी डोक्यावरून खांद्यावर घसरली.

"अम्मती!" उल्फा ढिगामागून धडपडत बाहेर आली. ती तिची आत्या होती, बाबांची मोठी बहीण मन्नूबिया!

"ही किल्ली तुझ्याकडे कशी?"

"माझ्याकडेच असायची पहिल्यापासून. जद्दींना इथे काय काम? गळ मीच बांधायचे, नऊ वर्षांची असल्यापासून. नाव मात्र त्यांचं. तसंच असतं बाळ, दोर ज्याच्या होडीत, गाठ त्याची."

"मग आता चोरून का?"

अम्मतीने हातातला गळ खाली ठेवला. "जद्दींच्या बाहीत गळ अडकला होता, दोराने त्यांना ओढून नेलं. लोक आपल्या घरी दुखवट्याला आले, तेव्हा अम्मार म्हणाला, गाठ सुटली असती तर माणूस वाचला असता. माझी गाठ सुटत नाही गं. त्या दिवसापासून मी गळाला हात लावला नाही. पण सादोकने घरी आणलेले हे तयार गळ पाहिले आणि राहवेना. यांची गाठ सरकते, मासा सुटून जातो. आज रिकामा आलेला माणूस उद्या आणखी आत जातो. मला एकच भाऊ आहे."

दार धाडकन उघडलं. उंबऱ्यात बाबा होते, त्यांच्यामागे अम्मार. टोपली न्यायला ते नमाजाआधीच आले होते; दाराला कुलूप नाही हे पाहून तिथेच थबकले होते आणि त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"मन्नूबिया, मी होतो त्या होडीत," बाबांचा आवाज घोगरा झाला. "लाटेने होडी कलली आणि ते पडले. गळ बाहीत नंतर अडकला. त्या गाठीमुळेच तर मी त्यांना होडीपर्यंत ओढत आणलं होतं. बाहीच फाटली. गाठ टिकली होती."

"हे दोन वर्षांत सांगितलं नाहीस?"

"कुणी विचारलंच नाही."

"शाब्बास!" हेदी पुटपुटला.

अम्मारने टोपी काढली. "मी तेव्हा नांगराशी होतो, माझी पाठ होती. उगाच तोंड चालवलं मी. चूक झाली, मन्नूबिया." मग तो पोरांकडे वळला. "वर्षानुवर्षं आम्ही बाप्ये या गाठी हातात धरतोय, टोक कुणी पाहिलं नाही. पाहिलं ते तुम्ही!"

"डोळे आहेत पोरांना," बाबा म्हणाले आणि त्यांनी उल्फाच्या डोक्यावर हात ठेवला. "टोपली कुठेही जाणार नाही. आपल्याबरोबर होडीत येईल."

म्हणजे जद्दी आले नव्हते. उल्फाचे डोळे भरून आले. तिने ते पुसले आणि टोपलीकडे पाहिलं. अजून बरेच गळ बांधायचे होते. बाहेर एकेक झडप उघडत होती, नमाजासाठी माणसं मशिदीकडे निघाली होती. अम्मतीने सवयीने सफसारी डोक्यावर ओढली आणि ती भिंतीकडे तोंड करून बसू लागली.

उल्फा उठली. तिने चटई उचलली आणि बाहेर गल्लीत, येणारा-जाणारा प्रत्येक जण पाहील अशा जागी पसरली. चटईवर टोपली नेऊन ठेवली.

"इथे बस, अम्मती," ती म्हणाली. मग शेजारी मांडी घालून बसली आणि पहिला गळ स्वतःच्या हातात घेतला.