नारळांची गाडी

"अहो, बाजूला व्हा!"

इरावतीनं ओरडून त्याचा हात ओढला, आणि तो उभा होता तिथंच साखरेचं पोतं धपकन पडलं. महाडच्या गंगाधरशेठांच्या गोदामात पाहुण्याचं स्वागत हे असं झालं!

"मी आमोद. पुण्याहून... कॉम्प्युटर बसवायला आलोय."

हात अजून तिच्या हातातच होता. तिनं तो सोडला, पण जरा उशिराच.

शेठांचा माल महाड-पोलादपुरातल्या दोनशे दुकानांत जाई. कुठं काय, किती पाठवायचं ते इरावती ठरवी. साल दोन हजार एक. आता ते मशीन ठरवणार होतं. त्याआधी तिच्या डोक्यातलं सगळं आमोदला मशीनमध्ये उतरवायचं होतं.

"कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणतात याला."

"अगंबाई! मग आमच्या खऱ्या बुद्धीचं काय, लोणचं घालायचं?"

"नाही... तीच तर मागायला आलोय."

असं बोलणारा माणूस धोक्याचाच! रोज तो विचारी, ती सांगे. कशेडी घाटात दरड कोसळली की मेणबत्त्या कुठं जास्त लागतात, गौरीला गूळ कुठं कमी पडतो... लिहिता लिहिता तो मान वर करून बघे, आणि ती उगाचच ओढणी सारखी करी. तीन आठवड्यांत तिचं लक्ष असं उडालं, की मिरचीच्या पोत्यांशेजारी बसूनही तिला शिंक येईना.

मग एका दुपारी शेठ सहज बोलून गेले, "मशीन शिकलं की वाटपाला माणूस कशाला?"

इरावतीनं हातातली वही मिटली. आपली खुर्ची जाणार, आणि काम संपलं म्हणून हाही जाणार! तिनं तोंडाला कुलूप लावलं. शिमग्याच्या पालख्यांबद्दल तिनं अवाक्षर काढलं नाही.

शिमगा आला. मशीननं गेल्या सालचं बघून नारळांची गाडी तुडीलला लावली. पण यंदा गावकीनं तुडीलची पालखी चार दिवस पुढं ढकलली होती. आज पालखी होती ती पोलादपूरकडं, आंबेनळी घाटाच्या पायथ्याच्या वाड्यांत. पालखी दारात आणि घरात नारळ नाही... शेठांनी आमोदला फाडून खाल्लं असतं. नुसतं गप्प बसलं तरी तिची खुर्ची वाचत होती. तेवढ्यात आमोद तिच्याकडं बघून हसला, आणि तिला राहवेना.

"काशीरामदादा, थांबा! गाडी पोलादपूरला घ्या. पालखी आज तिकडं आहे."

"माला ठाव हाय गो ताय," ड्रायव्हर म्हणाला. "पन मशीन बोलली, म्हनून मी गप!"

मागं उभे असलेले शेठ तडकले. "मशीन चुकलंच कसं?"

"मशीन नाही चुकलं. मीच सांगितलं नव्हतं."

आमोद पुढं झाला. "शेठ, पालख्या दरवर्षी गावकी ठरवते. ते मशीनला कोण कळवणार? इरावती इथं नसतील, तर माझं मशीन पोत्यात बांधून ठेवा."

"बरं बरं, बसू दे तिला," म्हणत शेठ आत गेले.

"का लपवलंत?" आमोदनं हळूच विचारलं.

"खुर्चीसाठी... आणि सगळं सांगून झालं असतं, तर तुम्ही गेला असतात."

तो लाजला. "मशीन पंधरा दिवसांपूर्वीच तयार होतं, इरावती. मीच रोज नवे प्रश्न काढत होतो. मला... तुम्ही फार आवडता."

तिनं मान खाली घातली, पण हसू काही लपेना.

"तुडीलला माझ्या मावशीच्या दारी पालखी येते. शनिवारी. याल?"

"पण ऑफिसनं परत बोलावलंय, आज चारची पुण्याची एसटी—"

घड्याळात तीन वाजत होते. तो तिच्याकडं बघतच राहिला.

"चुकली," तो म्हणाला.